सोहोतली भट्टी : प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमधल्या मध्यमवर्गाला बाहेर जाऊन स्टेक खायची सवय लावली ती फ्रँक आणि आल्डो बर्नी या दोन भावांनी. दोघेही उत्तर इटलीतल्या बार्डी या डोंगरी गावचे. १९५५ साली ब्रिस्टलमध्ये त्यांनी पहिलं ‘बर्नी इन’ काढलं. तिथे मिळायचं ते कोळंबीचं कॉकटेल, स्टेक आणि चिप्स, शेवटी ब्लॅक फॉरेस्ट केक. इटलीचा वासही नाही. चार्ल्स फोर्टेचा जन्मही इटलीतलाच. लंडनमधल्या एका मिल्क बारपासून सुरुवात करून त्याने हॉटेलांचं साम्राज्य उभं केलं. ब्रिटिशांना पिझ्झाची गोडी लावणारी साखळी ज्याने सुरू केली तो पीटर बॉयझॉट मात्र पीटरबरोचा इंग्रज. लहानपणी तिथल्या कॅथीड्रलच्या गायकवृंदात गायलेला, केंब्रिजला इतिहास शिकलेला. परमुलखात धंदा करणाऱ्याला गिऱ्हाइकाची चव लवकर कळते, आणि इटालियनांना ती कळली होती: इंग्रजांना इंग्रजी जेवण हवं होतं. त्यांना गावोगावी आणखी काही हवं असू शकेल, हे सुचायला एक इंग्रजच लागला.

बॉयझॉटने १९६५ साली लंडनच्या सोहो भागात सुरू केलेल्या ‘पिझ्झा एक्सप्रेस’चा इतिहास हा या पुस्तकाचा विषय. पण एका कंपनीचं चरित्र एवढाच त्याचा आवाका ठेवला असता तर ते कंपनीनेच छापलेलं बरं झालं असतं. मला रस आहे तो या कंपनीच्या आजूबाजूला जे जग उभं राहिलं त्यात. अमेरिकेत ऑलिव्ह गार्डन, जपानमध्ये साइझेरिया, जर्मनीत वापियानो, ब्रिटनमध्येच कार्लुच्चोज आणि जेमीज इटालियन. इटलीच्या नावाने चालणाऱ्या या साखळ्यांतल्या मोठ्या बऱ्याचशा इटलीबाहेर उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या कित्येक इटालियन नसलेल्यांनी उभ्या केल्या. प्रत्येकाला एकच गोष्ट ठरवावी लागली: इटलीतलं नेमकं काय उचलायचं आणि ते शंभर ठिकाणी तसंच्या तसं कसं करायचं. कोणी पाककृती उचलली, कोणी आदरातिथ्य, कोणी किंमत, कोणी एखाद्या माणसाचा चेहरा. ही निवड कोणी कशी केली आणि पुढे तिचं काय झालं, हा या पुस्तकाचा खरा धागा आहे.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण बॉयझॉटच्या आधी ब्रिटनमध्ये इटालियन नव्हते असं मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या क्लार्कनवेल भागात त्यांची मोठी वस्ती होती. हातगाडीवर आइस्क्रीम विकणारे, रस्त्यावर बाजाची पेटी फिरवणारे, प्लास्टरचे पुतळे घडवणारे. वेल्समधल्या कोळसा खाणींच्या गावांत बार्डीहूनच आलेल्या कुटुंबांनी कॅफे काढले होते आणि ते तिथल्या रोजच्या जगण्याचा भाग झाले होते. १० जून १९४० रोजी मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं आणि एका रात्रीत ही माणसं शत्रू ठरली. दुकानांच्या काचा फुटल्या, पुरुषांना पकडून छावण्यांत नेलं गेलं. त्यांतल्या काहींना कॅनडाला घेऊन निघालेलं ‘अरान्डोरा स्टार’ हे जहाज २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलं. चारशेहून अधिक इटालियन त्यात गेले. युद्धानंतर दुकानावर इटलीचं नाव रंगवताना एखाद्याचा हात अडखळला असेल तर त्यात नवल नाही. बर्नी बंधूंच्या मेनूकडे पाहताना हे डोळ्यांआड करता येत नाही.

हवा बदलायला लागली ती पन्नाशीच्या दशकात. १९५३ साली सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवर ‘मोका बार’ उघडला, त्याचं उद्घाटन इटालियन अभिनेत्री जिना लोलोब्रिजिदाने केलं आणि गाजियाच्या एस्प्रेसो यंत्राभोवती तरुण मुलंमुली जमायला लागली. पुढच्या वर्षी एलिझाबेथ डेव्हिडचं ‘इटालियन फूड’ हे पाककृतींचं पुस्तक आलं. त्याच वर्षी, १९५४च्या जुलैत, युद्धकाळापासून चाललेलं रेशनिंग एकदाचं संपलं. ऑलिव्ह तेल तेव्हा औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळायचं, कानात घालायला. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने स्वित्झर्लंडमध्ये झाडाला लागलेल्या स्पॅगेटीची तोडणी दाखवली. रिचर्ड डिंबलबीसारख्या भारदस्त निवेदकाचा आवाज त्यामागे होता, आणि असं झाड कुठे मिळेल म्हणून चौकशी करणारे प्रेक्षक निघाले. हा किस्सा नेहमी इंग्रजांच्या भोळेपणाचा म्हणून सांगतात. मला तो बाजारपेठेचा अहवाल वाटतो. स्पॅगेटी म्हणजे डब्यातून टोमॅटोच्या रसात येणारी वस्तू, एवढंच ज्ञान असलेला मोठा वर्ग तिथे होता आणि त्याला कुतूहल होतं.

त्या कुतूहलावर दोन वेगळे धंदे उभे राहिले. १९५५ साली लंडनच्या गूज स्ट्रीटवर ‘स्पॅगेटी हाऊस’ सुरू झालं. स्वस्त, पोटभर, भराभर. १९५९ साली मारिओ कासान्द्रो आणि फ्रँको लागात्तोल्ला या दोन माजी वेटरांनी सोहोत ‘ट्रॅटोरिया तेराझ्झा’ काढलं, आणि साठीच्या दशकात तिथे टेबल मिळणं ही प्रतिष्ठेची बाब झाली. पांढऱ्या भिंती, फरशीवर टाइल्स, कमानी. हे रूप दिलं एन्झो आपिचेल्ला या नेपल्समध्ये जन्मलेल्या व्यंगचित्रकाराने. त्याचं नाव लक्षात ठेवायला हवं.

बॉयझॉटने केंब्रिजनंतरची बरीच वर्षं युरोपात काढली, त्यांतला मोठा काळ रोममध्ये. लंडनला परतल्यावर त्याला हवा तसा पिझ्झा मिळेना. मग त्याने नेपल्सहून भट्टी मागवली, सिसिलीचा पिझ्झा करणारा आणला आणि २७ मार्च १९६५ रोजी वॉर्डर स्ट्रीटवरच्या २९ क्रमांकाच्या जागेत दुकान उघडलं. सुरुवातीला तो पिझ्झाचे चौकोनी तुकडे कागदावर द्यायचा, सोबत प्लास्टिकचे काटे. रोममध्ये लोक उभ्याउभ्या असंच खातात. पण लंडनला ते पटेना. बसायला टेबल हवं, खरी बशी हवी, सुरी-काटा हवा. आपिचेल्लाला बोलावलं गेलं. इथे बॉयझॉटने जी तडजोड केली ती पुढच्या सगळ्या कहाणीचा पाया आहे: पदार्थ रस्त्यावरचा, मांडणी रेस्टॉरंटची, आणि किंमत या दोहोंच्या मधली. टाय न बांधता, मुलांना घेऊन, वाइनची यादी वाचता येत नसली तरी संकोच न वाटता जाता येईल अशी जागा तोवर ब्रिटिश मध्यमवर्गाकडे फारशी नव्हती.

आपिचेल्लाने काय केलं याचं वर्णन मी पुस्तकात अंमळ जास्तच केलं आहे, आणि ते मुद्दाम. त्याने भट्टी लपवली नाही. पीठ थापणारा माणूस, पेटलेली भट्टी, हातातलं लांब फावडं, हे सगळं गिऱ्हाइकाच्या समोर आणून ठेवलं. संगमरवरी टेबलं, मोठ्या काचा, भरपूर उजेड. दुसरी शाखा १९६७ साली ब्रिटिश म्युझियमजवळ कॉप्टिक स्ट्रीटवर निघाली ती एका जुन्या दुग्धालयाच्या इमारतीत. तिथल्या जुन्या टाइल्स उखडून टाकण्याऐवजी त्याने त्यांचाच उपयोग केला. पुढे डझनावारी शाखा त्याने सजवल्या आणि प्रत्येक जागेला तिचा स्वभाव ठेवू दिला. साखळी म्हटलं की सगळीकडे तेच छत, त्याच खुर्च्या, तोच रंग असं आपण गृहीत धरतो. वॉर्डर स्ट्रीटच्या दुकानाआधी अकरा वर्षं लंडनमध्ये आलेल्या ‘विम्पी’ बर्गरची तीच रीत होती. बॉयझॉट आणि आपिचेल्लाने उलटी वाट धरली. मेनू सगळीकडे तोच, खोली दर ठिकाणी निराळी. ‘अमेरिकन हॉट’ किंवा ‘फिओरेंतिना’ कुठेही मागवा, चव ओळखीची. पण आपण कोणत्या गावात बसलोय हे भिंतींकडे पाहून कळायचं.

बॉयझॉट धंदेवाईक माणूस होता की हौशी, यावर दोन मतं आहेत. माझं मत हौशीच्या बाजूला झुकतं. डीन स्ट्रीटच्या शाखेच्या तळघरात १९६९ साली त्याने जॅझ सुरू केलं, कारण त्याला जॅझ आवडायचं. तो क्लब आजही चालू आहे. एमी वाइनहाऊस, नोरा जोन्स, जेमी कलम तिथे गायले आहेत. १९७४ साली त्याने पीटरबरोतून लिबरल पक्षातर्फे दोनदा निवडणूक लढवली आणि दोन्ही वेळा हरला. १९९७ साली त्याने गावचा फुटबॉल क्लब विकत घेतला. फुटबॉल क्लब विकत घेणाऱ्याच्या पैशाचं जे व्हायचं ते झालं. नोव्हेंबर १९६६च्या पुरात व्हेनिसचं अतोनात नुकसान झाल्यावर ‘व्हेनिस इन पेरिल’ हा निधी उभा राहिला. बॉयझॉटने मेनूत ‘व्हेनेझियाना’ नावाचा पिझ्झा ठेवला: कांदा, केपर्स, ऑलिव्ह, पाइन नट्स आणि बेदाणे. प्रत्येक पिझ्झामागे काही पेनी त्या निधीला. पेनी-पेनी करत ती रक्कम दहा लाख पौंडांच्या वर गेली. आंबटगोड चवीची ही जोडी खास व्हेनिसची आहे, हे तो पिझ्झा खाणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं देव जाणे.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. बॉयझॉट लहानपणापासून शाकाहारी होता. साठीच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये शाकाहारी माणसाला बाहेर जेवायला मिळायचं ते बहुधा ऑम्लेट किंवा उकडलेल्या भाज्या. पिझ्झा एक्सप्रेसच्या मेनूत पहिल्यापासून बरंच काही मांसाशिवाय होतं आणि त्याची वेगळी पाटी लावून गाजावाजा केलेला नव्हता. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या शाकाहारी भारतीयांना अशा जागेचा किती आधार वाटला असेल, हे ज्यांनी तो काळ तिथे काढला त्यांनाच विचारावं.

अमेरिकेत मात्र निराळाच पंथ निघाला. न्यूयॉर्क, न्यू हेवन, शिकागो इथल्या इटालियन स्थलांतरितांची पिझ्झाची दुकानं कितीतरी जुनी. पण १९५८ साली विचिटा गावात ‘पिझ्झा हट’ काढणारे कार्नी बंधू आयरिश वंशाचे कॉलेजविद्यार्थी होते. आणि १९८२ साली ऑर्लँडोत ‘ऑलिव्ह गार्डन’ काढलं ते जनरल मिल्स या धान्याच्या पाकिटबंद नाश्त्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने. इथे प्रेमबिम काही नव्हतं. बाजाराचा अभ्यास झाला, बसून खायच्या इटालियन जेवणाची मोठी साखळी नाही हे हेरलं गेलं, आणि हवं तितकं सॅलड, हव्या तितक्या ब्रेडस्टिक असं आदरातिथ्याचं सूत्र ठरवलं गेलं. इथे आलात की तुम्ही घरचेच, अशा अर्थाची जाहिरात वर्षानुवर्षं चालली. कुटुंबवत्सल इटालियन आजीचं ते औद्योगिक रूप होतं, आणि ते प्रचंड चाललं.

या पंथाची मेख २०१४ साली उघड झाली. स्टारबोर्ड व्हॅल्यू या गुंतवणूकदार संस्थेने ऑलिव्ह गार्डनच्या मालक कंपनीवर जवळपास तीनशे पानांचं सादरीकरण प्रसिद्ध केलं. त्यातला एक मुद्दा जगभर गाजला: पास्ता उकळायच्या पाण्यात मीठ घालणं बंद केलं होतं, भांड्यांची वॉरंटी जास्त टिकावी म्हणून. त्याच सादरीकरणात ब्रेडस्टिक जास्त दिल्या जातात, त्या वाया जातात, अशीही तक्रार होती. म्हणजे एकाच कागदात चवीची बाजूही घेतली होती आणि हात आखडता घ्यायचा सल्लाही दिला होता. महिन्याभरात कंपनीचं अख्खं संचालक मंडळ बदललं. पास्त्याच्या पाण्यातल्या मिठावर भागधारकांचं मतदान झालं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

जपानची वाट याहून विलक्षण. यासुहिको शोगाकी हा विज्ञानाचा पदवीधर. १९६७ साली टोकियोजवळच्या इचिकावा गावात त्याने ‘साइझेरिया’ नावाचं छोटं रेस्टॉरंट घेतलं. धंदा चालेना, दुकान जळालं, तरी तो हटला नाही. त्याने इटालियन पदार्थ धरले आणि किमती एकदम सत्तर टक्क्यांनी उतरवल्या. मग रांगा लागल्या. पुढची पन्नास वर्षं त्याने एकच प्रश्न सोडवला: ही किंमत टिकवायची तर पदार्थ शेतापासून ताटापर्यंत कसा न्यायचा? भाजी स्वतःच्या शेतातून, सॉस स्वतःच्या कारखान्यातून, आणि शाखेच्या स्वयंपाकघरात सुरी लागू नये इतकी आधीची तयारी. तिथला सर्वांत गाजलेला पदार्थ ‘मिलानो डोरिया’: भातावर पांढरा सॉस आणि खिम्याचा सॉस घालून भाजलेला. कित्येक वर्षं तो २९९ येनला मिळत होता, २०२० साली ३०० झाला. मिलानमध्ये हा पदार्थ शोधायला जाऊ नये. डोरिया हा योकोहामाच्या हॉटेल न्यू ग्रँडमधल्या स्विस शेफने घडवलेला जपानी पदार्थ आहे. पण शोगाकीने इटलीकडून पाककृती घेतलीच नव्हती. साध्या माणसाने रोज वाइनसकट जेवावं आणि खिशाला चाट बसू नये, ही सवय त्याने तिथून उचलली. माझ्या मते या सगळ्या मंडळींत इटली सर्वांत खोलवर समजलेला माणूस तो आहे, आणि हे विधान वाचून काही वाचक भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे.

प्रसिद्ध चेहऱ्यांचा पंथ मी पुस्तकात थोडक्यात आटोपला आहे. आंतोनिओ कार्लुच्चोने १९९९ साली लंडनमध्ये कॅफे आणि किराणा एकत्र काढला. २०१० साली ती साखळी दुबईच्या लँडमार्क ग्रुपने घेतली, त्याचे संस्थापक भारतीय वंशाचे. २०२० साली तिचं दिवाळं निघालं. जेमी ऑलिव्हरचं ‘जेमीज इटालियन’ २००८ साली ऑक्सफर्डला सुरू झालं, मधल्या काळात दिल्लीलाही येऊन गेलं, आणि २०१९ साली ब्रिटनमध्ये कोसळलं तेव्हा हजारभर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. चेहरा एका वेळी एकाच स्वयंपाकघरात असू शकतो. वापियानोने हॅम्बुर्गमध्ये २००२ साली वेटरच काढून टाकले आणि गिऱ्हाइकाच्या हातात चिपचं कार्ड दिलं. तिचीही गत २०२० साली तीच झाली.

एवढं वाचल्यावर कोणी विचारील की यांतलं अस्सल कोणतं? या वादाला पुस्तकात जागा दिली आहे, पण मोजकीच. नेपल्समध्ये १९८४ साली खऱ्या पिझ्झाचं रक्षण करणारी संघटना निघाली. २०१७ साली नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने मान्यता दिली. १८८९ साली राणी मार्गेरिताच्या सन्मानार्थ पिझ्झा झाला ही गोष्ट प्रत्येक मेनूकार्डावर छापतात, आणि इतिहासकार तिच्याकडे संशयाने पाहतात. दुसरीकडे डॉमिनोज २०१५ साली इटलीत शिरलं आणि २०२२ साली गाशा गुंडाळून निघालं. यावरून इटालियनांना आपलं तेवढंच आवडतं असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण घरपोच सेवा देणारी अ‍ॅप्स आल्यावर गल्लीतल्या पिझ्झेरियाही घरी पिझ्झा पोचवू लागल्या, हे कारणही तितकंच भारी होतं. अस्सलपणाची फूटपट्टी लावली की पिझ्झा एक्सप्रेसही नापास आणि साइझेरियाही. मग त्यांच्यातला फरक दिसेनासा होतो, आणि मला तर तो फरकच पाहायचा आहे.

या पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पैशाबद्दल आहे. खाद्यपदार्थांवरच्या पुस्तकात ताळेबंद कशाला, असं वाटू शकेल. पण पिझ्झा एक्सप्रेसचं भवितव्य १९९३नंतर भट्टीपाशी ठरलंच नाही. त्या वर्षी ल्यूक जॉन्सन आणि ह्यू ऑस्मंड या तरुण गुंतवणूकदारांनी डेव्हिड पेजला सोबत घेऊन कंपनी शेअर बाजारात नेली. पेज हा या कहाणीतला माझा आवडता माणूस. सत्तरीच्या दशकात तो याच साखळीत भांडी घासायला लागला, मग शाखांचा परवाना घेतला, आणि शेवटी सगळ्या कंपनीचा प्रमुख झाला. दशकाअखेर शाखा दोनशेच्या पुढे गेल्या. आपिचेल्लाची रीत तोवर टिकली होती. लहानशा गावात जुनी बँक किंवा मोडकळलेली देखणी इमारत दिसली की तिथे पिझ्झा एक्सप्रेस येणार, असं लोक म्हणायचे.

२००३ साली कंपनी शेअर बाजारातून काढून खासगी गुंतवणूक फंडांनी घेतली. २००५ साली पुन्हा बाजारात आणली. थोड्याच काळात सिनव्हेन या फंडाने ती परत बाहेर काढली. २०१४ साली चीनच्या होनी कॅपिटलने ती ९० कोटी पौंडांना घेतली. अशा व्यवहाराची रीत वाचकाने नीट समजून घ्यावी, कारण ती आता आपल्याकडेही रुळली आहे. विकत घेणारा सगळे पैसे आपल्या खिशातून घालत नाही. बरीचशी रक्कम तो कर्जाने उभी करतो, आणि ते कर्ज बसतं विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर. म्हणजे दर विक्रीनंतर पिझ्झा तोच, गिऱ्हाईक तेच, पण प्रत्येक पिझ्झ्याला व्याजाचा एक घास आधी काढून ठेवावा लागतो. शाखा नफ्यात होत्या. तरी २०१९ पर्यंत एकूण कर्जाचा आकडा १०० कोटी पौंडांच्या पुढे गेला होता, आणि त्यातला मोठा भाग खुद्द मालकाकडूनच घेतलेला होता. २००८च्या मंदीपासून एकावर एक मोफतच्या कुपनांची लोकांना इतकी सवय झाली होती की पूर्ण किंमत मोजणं हा मूर्खपणा वाटायचा. भाडी वाढत होती. नूतनीकरणाला पैसा उरत नव्हता. मग करोना आला. २०२० साली सुमारे साडेचारशे शाखांपैकी ७३ कायमच्या बंद झाल्या, अकराशे लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि कर्ज देणाऱ्यांनीच कंपनी ताब्यात घेऊन कर्ज निम्म्याहून खाली आणलं. साथीने ही साखळी मारली असं तेव्हा छापून आलं. माझा निष्कर्ष निराळा आहे: साथीने फक्त हिशेबाची तारीख अलीकडे आणली.

बॉयझॉट आणि आपिचेल्ला हे दोघेही २०१८च्या अखेरीला, काही आठवड्यांच्या अंतराने गेले, त्यामुळे हे त्यांना पाहावं लागलं नाही. पेज एव्हाना दुसरीकडे होता. ब्रिक्स्टनच्या बाजारात २००८ साली सुरू झालेली, आंबवलेल्या पिठाचा पिझ्झा देणारी ‘फ्रँको मान्का’ त्याच्या कंपनीने घेऊन वाढवली, आणि २०२३ साली ती जपानच्या तोरिदोल या उडोन नूडल विकणाऱ्या समूहाकडे गेली. लंडनचा इटालियन पिझ्झा असा जपानी मालकीचा झाला.

मधल्या काळात या साखळीचं नाव एका अनपेक्षित कारणाने जगभर झालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत राजपुत्र अँड्र्यू यांनी आपल्यावरच्या गंभीर आरोपांना उत्तर देताना, त्या दिवशी आपण मुलीला घेऊन वोकिंगच्या पिझ्झा एक्सप्रेसमध्ये गेलो होतो असं सांगितलं. तिथे जाणं आपल्यासाठी फार वेगळी गोष्ट होती म्हणून लक्षात राहिलं, असा त्यांचा खुलासा होता. आरोपांचा विषय या पुस्तकाचा नाही. पण त्या वाक्यावर सबंध देश हसला, कारण ब्रिटनमधल्या जवळजवळ प्रत्येक मध्यमवर्गीय घरातल्या मुलाचा एखादा वाढदिवस तिथेच झालेला असतो.

भारताचा भाग पुस्तकात लहान आहे. १९९६ साली डॉमिनोज आणि पिझ्झा हट आले आणि पनीर, जैन पिझ्झा, कांदा-लसणाविना सॉस असा आपला निराळा प्रपंच सुरू झाला. मुंबईत त्याआधीच, १९९३ साली, स्मोकिन जोज निघालं होतं. पिझ्झा एक्सप्रेसची पहिली भारतीय शाखा डिसेंबर २०१२ मध्ये कुलाब्याला, अपोलो बंदरच्या धनराज महालात उघडली. जुनी, देखणी इमारत निवडायची ती जुनी खोड इथेही दिसते. पण ब्रिटनमध्ये जी मधल्या किमतीची, रोजची जागा होती ती मुंबईत येताना महागडी झाली. शांघायमध्येही ‘पिझ्झा मार्झानो’ या नावाने तेच घडलं. साखळी परदेशी गेली की पाककृती सोबत जाते, सामाजिक जागा मागेच राहते. याचा विचार आपल्याकडच्या साखळ्यांनीही करायला हरकत नाही, कारण मिसळ आणि वडापाव यांच्या शाखा काढून त्यांत भांडवल ओतायचे बेत हल्ली सर्रास ऐकू येतात. काय तसंच ठेवायचं आणि काय त्या त्या गावावर सोडायचं, हा प्रश्न त्यांच्याही पुढे येणार आहे, आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर बसणार हाही.

पुस्तक काळाच्या क्रमाने लिहिलं असलं तरी तसंच वाचायला हवं असं नाही. ज्यांना व्यवहारात रस आहे त्यांनी १९९३पासून सुरुवात करावी. ज्यांना इमारती आणि सजावट आवडते त्यांनी आपिचेल्लावरचा भाग आधी घ्यावा. पाककृती मात्र इथे एकही नाही, तो शोध कोणी घेऊ नये.

हा इतिहास लिहिता आला तो बराचसा कागदांमुळे. ब्रिटनमध्ये कंपन्यांचे वार्षिक हिशेब कोणालाही पाहता येतात, जुनी मेनूकार्डं हौशी लोक जपून ठेवतात, बॉयझॉटने स्वतः लिहून ठेवलं. आपल्याकडे गिरगाव, दादर, पुणे, कोल्हापूर इथल्या खानावळी, इराणी आणि उडुपी हॉटेलं एकेक करून बंद होत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची दरपत्रकं, हजेरीबुकं, उधारीच्या वह्याही जात आहेत. ज्या वाचकांच्या घरी असा धंदा होता किंवा ज्यांच्या घरातलं कोणी तिथे गल्ल्यावर, भटारखान्यात राबलं, त्यांना माझी विनंती आहे की ते कागद रद्दीत घालू नका, आणि तिथे काम केलेली माणसं हयात असतील तर त्यांचं बोलणं याच वर्षी लिहून घ्या.